खरबरीत रेघ, दादरची भाकर

१९६१ साली डिस्नेच्या '१०१ डाल्मेशियन्स'मध्ये पडद्यावरची रेघ बदलली. तोवर अ‍ॅनिमेटरनं कागदावर पेन्सिलीनं काढलेलं प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानावर, शाईनं पुन्हा गिरवलं जायचं. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्यांचा हात इतका बसलेला, की राजकन्येच्या गालाची कड गालाच्याच रंगाच्या जरा गडद छटेत उतरायची आणि तिथं रेघ आहे हे डोळ्याला जाणवायचंही नाही. १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'वर अफाट पैसा गेला, तो लवकर सुटला नाही, आणि स्टुडिओनं दुसरी वाट धरली. झेरॉक्सच्या तंत्रानं पेन्सिलीचं चित्र थेट सेलवर उतरवायचं. शाईचा विभाग आटत गेला. पडद्यावर काळी, खरबरीत, कुठं तुटक तर कुठं दुहेरी रेघ आली, कारण त्या यंत्राला तेव्हा काळ्याशिवाय दुसरा रंग येत नव्हता आणि पेन्सिलीनं चाचपडत शोधलेल्या सगळ्या वाटा त्यात जशाच्या तशा दिसत होत्या. वॉल्ट डिस्ने यांना ती रेघ रुचली नव्हती. आज स्टुडिओ संगणकात तशीच रेघ मुद्दाम घालतात, त्यासाठी वेगळी माणसं नेमतात, आणि बघणारे म्हणतात, हाताचं काम दिसतंय.

मला त्या शाईवाल्या बायकांची फार आठवण येते. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण मी त्यांच्याच जातीचं काम केलेलं आहे. जळगावहून मुंबईला गेले आणि एका स्टुडिओत इन-बिटवीनर झाले. खालून उजेड येणाऱ्या लाइट टेबलवर, कागद जागचा हलू नये म्हणून असलेल्या खुंट्यांच्या पट्टीला, पेग बारला, कागद अडकवायचा, वरिष्ठांनी काढलेल्या दोन की-ड्रॉइंगच्या, म्हणजे हालचालीच्या मुख्य चित्रांच्या, मधली चित्रं भरायची, बोटांच्या बेचक्यात कागद धरून फ्लिप करत बघायचं, हात हलतोय की थरथरतोय. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमला धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. पडद्यावर कुणी नुसती मान वळवली तरी आमची अख्खी दुपार जायची. त्या कामावर माझं प्रेम होतं. मधलं चित्र कुणाच्या लक्षात राहत नाही, पण ते चुकलं तर सगळ्यांना खटकतं, आणि ही जबाबदारी मला आवडायची.

१९९५ साली 'टॉय स्टोरी' आली होतीच. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेतले मोठे स्टुडिओ हातानं काढलेल्या चित्रपटांतून बाहेर पडले. आमच्याकडंही कागद कमी झाला, फ्लॅश हे संगणकावरचं सॉफ्टवेअर आलं, मग थ्रीडी. कुणी रिगिंग, म्हणजे थ्रीडी पात्राला हलवता येणारा सांगाडा बसवणं, शिकलं, कुणी जाहिरातीत गेलं. मी जळगावला परतले आणि चित्रकलेचे वर्ग घ्यायला लागले. आज तरुण मुलं मला विचारतात, "ताई, टूडी परत ट्रेंडमध्ये आहे ना?" हो, आहे. तेव्हा शिकलेली माणसं मात्र आता भलतीकडंच पांगली आहेत.

अ‍ॅनिमेशनमधले कितीतरी ढंग अडचणीतून आले आहेत. १९६३ साली जपानमध्ये ओसामु तेझुका यांना 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका दर आठवड्याला द्यायची होती. पैसा थोडा, माणसं थोडी. मग चित्रंच कमी केली. नुसते ओठ हलवायचे, बाकी चेहरा तसाच ठेवायचा. एकदा काढलेली धाव, एकदा काढलेलं उड्डाण परत परत वापरायचं. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. आज आपल्या घरातली मुलं ज्या अ‍ॅनिमेवर जीव टाकतात, त्याची मुळं या काटकसरीत आहेत. आपल्याकडची 'एक अनेक और एकता' आठवा. फिल्म्स डिव्हिजननं १९७४ साली केलेली, विजया मुळे यांची ती छोटीशी फिल्म दूरदर्शनवर बघत आमची पिढी वाढली. सपाट रंग, मोजक्या हालचाली. तिथं काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही, कारण जे काढलं होतं ते नेमकं काढलं होतं.

अडचणीतून आलेल्या गोष्टीचं कारण समजून घेतलं की केवढं मोठं काम होतं, हे २०१८च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'नं दाखवलं. स्वस्त छपाईच्या कॉमिक्समधले ठिपके, जागेवरून थोडे सरकलेले रंग, सगळं त्यांनी परत आणलं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नवशिका माइल्स सुरुवातीला सेकंदाला १२ चित्रांत हलतो, आणि त्याच्या शेजारून झोके घेणारा मुरलेला पीटर २४ चित्रांत. माइल्सला आपली ताकद सापडते तेव्हा तोही २४वर येतो. जुन्या लोकांनी पैसे वाचवायला शोधलेली युक्ती इथं एका पोराच्या धडपडीत उतरली. मी थिएटरात बसून हे ओळखलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यानंतर कितीतरी चित्रपट आले, जाहिराती आल्या. त्यांनी ठिपके घेतले, झटके घेतले. ते कशासाठी होते, हे मात्र घेतलं नाही.

आणि हेच मला भाकरीबद्दल वाटतं. रेघेपेक्षा जास्त वाटतं, कारण रेघ माझं काम होती, भाकर माझ्या घराची आहे.

खान्देशात तापीकाठच्या, पांझरेच्या, बोरीच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरल्यावर जी ज्वारी पेरतात तिला दादर म्हणतात. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते. दाणा टपोरा, भाकर चवीला गोड आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही मऊ. कडबा बैलांना. पाणी नसलेल्या मुलखात माणसाचं आणि जनावराचं पोट एकाच पिकानं भरावं, या गरजेतून आपल्या लोकांनी ती जपली. कोणी तिला पौष्टिक म्हणून पेरलं नव्हतं.

मग तिचे दिवस फिरले. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, सुकडी हा पिठाचा तयार खाऊ आला. त्याच्या मागंपुढं हायब्रीड ज्वारी शेतोशेत पसरली. ज्यांनी तेव्हा त्या भाकरी खाल्ल्या, त्यांच्या मनात ज्वारी म्हणजे हलाखी हे घट्ट बसलं. आमच्या लहानपणी पाहुणे आले की पोळ्याच व्हायच्या, आणि शाळेच्या डब्यात भाकर असली की मुलं डबा जरा झाकून खायची. तेलाचंही तसंच. गावातला घाणा बंद पडला, घरात डालडा आला, त्यामागून रिफाइंडचे डबे आले. डब्यावर ठळक अक्षरात 'कोलेस्टेरॉल-मुक्त' लिहिलेलं असे, जणू काही काढून टाकलंय. वनस्पतींपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. शेंगदाण्याच्या तेलातही नव्हतं. घाण्याचं तेल आता लाकडी घाण्याचं किंवा कोल्ड प्रेस्ड म्हणून चढ्या भावानं मिळतं, आणि ज्यांचे घाणे होते त्यांची मुलं दुसऱ्याच कामाला लागली.

२०१८ साली केंद्र सरकारनं ज्वारी-बाजरी-नाचणीला पोषक धान्यांचा दर्जा दिला. भारतानं पुढाकार घेतला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' हे नाव मिळालं. आता आमच्या जळगावातही ज्वारीचे पफ मिळतात, ज्वारीचे फ्लेक्स मिळतात, आणि कॅफेत 'मिलेट बोल' मिळतो. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं असतं. ज्वारीत ग्लुटेन कधीच नव्हतं. सिलिअ‍ॅकचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा, आजार असणाऱ्याला ते वाचून खरंच आधार वाटत असेल, त्याच्यासाठी ते लिहावंच. बाकीच्यांना त्यातून काय मिळतं, हा प्रश्न मला पडतो. शिवाय ज्वारीतही पिष्ट भरपूर असतं. साखरेच्या रुग्णानं ती बेतानंच खायला हवी. तिला औषध करून ठेवलं तर तिच्यावरही अन्याय आणि खाणाऱ्यावरही.

भाकर परत आली याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या भाचीला तिच्या पुण्याच्या ऑफिसात डब्यात भाकर नेताना संकोच वाटत नाही, हे मोठंच काम झालं. पण परत येताना तिचं काय काय मागं राहिलं ते बघा. आपली कळण्याची भाकर घ्या. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळून आणायचं, त्याची भाकर, वर ठेचा आणि कच्चं तेल. धान्याच्या प्रथिनात लायसीन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र दळलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. हे कळणं ज्यांनी जमवलं त्यांनी लायसीनचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांनी पिढ्यान् पिढ्या कष्टाच्या माणसाला काय पुरतं ते पाहिलं होतं. ज्वारीच्या पफच्या पाकिटात ज्वारी आहे, उडीद नाही. कॅफेतल्या वाडग्यात ज्वारी आहे, डाळिंबाचे दाणे आहेत, परदेशी बिया आहेत, आणि ज्वारीला सावरणारी तिची जोडीदारीण नाही. ठिपके घेतले, कारण घेतलं नाही, असं मी वर म्हटलं ते हेच.

आणि दादर पेरणारा? अमळनेर-चोपड्याकडच्या शेतकऱ्याला विचारलं की तो सांगतो, पाखरं राखायला माणूस हवा, कापायला माणूस हवा, कणसं खुडायला हवा. माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. हरभरा सोपा, मका सोपा, पाणी असेल तर केळी. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. जगात हे आधी घडून गेलेलं आहे. २०१३ हे क्विनोआचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या या धान्याला एकाएकी जगभर मागणी आली, भाव चढले, इतर ठिकाणीही पेरा वाढला, आणि दोनेक वर्षांत भाव कोसळले. ज्यांनी ते धान्य शतकानुशतकं सांभाळलं, त्यांच्याच पदरात ती घसरण पडली. भरडधान्याचं वर्षही सरलं. आपल्याला अजून वेळ आहे. दुकानात ज्वारी मागताना दादर मागा, नावानं मागा. भरताची वांगी आणि जळगावची केळी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कुणीतरी नाव धरून ठेवलं म्हणून. ज्या धान्याचं नाव पाकिटावर नसतं, त्याच्या शेतकऱ्याचं नाव भावातही येत नाही.

(केळीचंही सांगते. एका आहारपद्धतीत केळं वर्ज्य, दुसरीत धावणाऱ्यांचं पहिलं खाणं, आणि आता कच्च्या केळीच्या पिठाचं कौतुक. रावेर-यावलच्या बागांमधलं केळं सगळा वेळ तेच होतं.)

रेघ आणि भाकर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या २०२५च्या मार्चमध्ये. त्या महिन्यात एआयनं फोटोचं जपानी जिब्ली स्टुडिओच्या धाटणीचं चित्र करून द्यायचं वेड सगळीकडं पसरलं. आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही प्रत्येकाचा डीपी बदलला. शेजारच्या माई अमळनेरकडच्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या. त्यांच्या नातवानं आदल्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, फोटो शोधून काढला आणि त्याचं तसं चित्र केलं. मूळ फोटोत माई खापरावर मांडे करत होत्या. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि माईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरलेला, पुरण भरलेला, पलीकडचं दिसावं इतका पातळ मांडा. चित्र आलं ते गोड होतं. मऊ ऊन, हिरवी झाडं, गुलाबी गाल. खापराच्या जागी लोखंडी तवा होता आणि त्यावर ताटलीएवढी गोल, फुगलेली पोळी.

नातू कौतुकानं दाखवत होता. माईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "मनं खापर कोठे गयं?" मग थोडा वेळ बघून म्हणाल्या, "ह्या हात मना नही शेतस."

त्या रागावल्या नव्हत्या, बघितलं ते त्यांनी सांगितलं. ज्या यंत्रानं जगातली असंख्य चित्रं पाहिली आहेत, त्यानं खापर पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या ओळखीचं जे होतं ते त्यानं तिथं बसवलं. आणि ज्या धाटणीचं ते रूप होतं, ती धाटणी कशावर उभी आहे? १९८५ साली सुरू झालेल्या त्या स्टुडिओत, मियाझाकी यांच्या 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचं एक दृश्य आहे, चार सेकंदांचं. एइजी यामामोरी या अ‍ॅनिमेटरला त्यासाठी एक वर्ष तीन महिने लागले. गर्दीतला प्रत्येक माणूस आपापल्या कामानं, आपापल्या भीतीनं हलतो. इन-बिटवीनर म्हणून मला त्यातला प्रत्येक कागद डोळ्यांपुढं येतो. यामामोरींनी आयुष्यात मांडे पाहिले नसतील, पण त्यांना काढायला सांगितलं असतं तर त्यांनी आधी माईंच्या ओट्यावर बसून पाहिलं असतं, याची मला खात्री आहे. जिब्लीच्या चित्रपटांतलं खाणं बघून भूक लागते ती त्यामुळं. तिथं अंडं तव्यावर पडतं तेव्हा ते काढणाऱ्यानं खरं अंडं नीट पाहिलेलं असतं.

नवीन साधनांवर माझा राग नाही, हेही सांगायला हवं. २०२५ साली ज्याला ऑस्कर मिळालं, तो 'फ्लो' हा लाटव्हियाचा चित्रपट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर केलेला आहे, आणि ब्लेंडर कुणालाही फुकट मिळतं. पुरात सापडलेलं एक मांजर, एकही संवाद नाही. लाटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत आहे, म्हणजे आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याहून कितीतरी कमी. धुळ्या-नंदुरबारच्या मुलाकडं बरा लॅपटॉप असेल तर साधन त्याच्या हातात आहे. ते साधन घेऊन त्यानं दुसऱ्याच्या धाटणीतलं दुसऱ्याचं गाव काढू नये, एवढंच माझं मागणं आहे. आपल्याकडं काढण्यासारखं काय कमी आहे? शेतातली भरीत पार्टी, तुरकाट्यांच्या जाळावर वांग्यांची काळी पडत जाणारी साल. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे. खान्देशातल्या कानबाई या देवीच्या मिरवणुकीतल्या फुगड्या. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालणाऱ्या बायका, आणि दर थोड्या वेळानं पाखरं हाकलणारं एखादं पोर.

म्हणून यंदाच्या सुट्टीतल्या वर्गात मी मुलांना मांडा काढायला दिला. अ‍ॅनिमेशन शिकताना पहिला धडा असतो दबण्याचा आणि ताणण्याचा. वस्तू दाबली तर रुंद होते, ताणली तर बारीक होते, पण तिचा ऐवज तेवढाच राहतो. सगळीकडं हा धडा चेंडूवर शिकवतात. मांडा हा त्याहून अवघड आणि त्याहून सुंदर धडा आहे. लिंबाएवढ्या उंड्यापासून हाताहाताएवढा पसरतो, तरी ऐवज तोच. पसरताना कड जाड राहते, मध्य पातळ होतो, आणि गोल फिरवताना मांडा आपल्याच वजनानं खाली झुकतो. मुलांनी आधी माईंकडं जाऊन बघितलं, मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तो फ्रेम-फ्रेम थांबवून हातांची जागा टिपून घेतली. कागदावर काढलं, फोटो काढून ओळीनं लावलं. पेन्सिल टेस्ट तयार झाली. हालचाल सुरेख होती. आम्ही ती घेऊन माईंकडं गेलो.

माईंनी दोनदा बघितली. "हाऊ मांडा हलका शे," त्या म्हणाल्या. "पुरन कोठे शे यामा?"

माझ्या जुन्या स्टुडिओतले वरिष्ठ यापेक्षा नेमकं काही बोलले नसते. मुलांचा मांडा ओढणीसारखा तरंगत होता, त्याला वजन नव्हतं. उजव्या हातावरून डाव्या हातावर येताना पुरणाचा भार आधी जातो, कणीक मागून येते, आणि त्या क्षणी कोपर थोडं खाली जातं. ते कोपर आम्ही काढलंच नव्हतं. आता त्या ठिकाणी मधली चित्रं वाढवायची आहेत. एका मुलीचं म्हणणं, तेवढा तुकडा २४ चित्रांत करू, बाकी १२ चित्रांत राहू दे. दुसरा म्हणतो, उलट तिथं चित्रं कमी कर, म्हणजे भार जाणवेल. दोघांचीही बाजू मला पटते, म्हणून दोन्ही करून बघायचं ठरलं आहे. खापरावर मांडा टाकतानाचा झटका अजून बाकीच आहे. तो कॅमेऱ्यात नीट आलेला नाही, म्हणून माईंनी रविवारी सगळ्यांना परत बोलावलंय, आणि येताना गहू दळून, पीठ वस्त्रगाळ करून आणायला सांगितलंय.